नकाशातील तयार चिन्हे आणि दख्खनचे वास्तव : बीदर-कलबुर्गी सीमाभागाच्या नकाशांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

नकाशातील चिन्ह हे शब्दासारखे असते. शब्दाचा अर्थ जसा बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना ठाऊक असावा लागतो, तसा चिन्हाचा अर्थ नकाशा काढणारा आणि वाचणारा या दोघांना ठाऊक असावा लागतो. म्हणूनच शालेय भूगोलात ‘सांकेतिक चिन्हे व खुणा’ हा स्वतंत्र पाठ असतो. विहीर, देऊळ, मशीद, रेल्वेमार्ग, तालुक्याची हद्द या प्रत्येकासाठी एक खूण ठरलेली असते आणि ती कोणत्याही पत्रकावर सारखीच दिसते.

संगणकीय नकाशाशास्त्र आल्यानंतर या व्यवस्थेत मोठा बदल झाला. पूर्वी चिन्हे ठरविण्याचा अधिकार सर्वेक्षण खात्याकडे होता. आता क्यूजीआयएससारखी विनामूल्य प्रणाली महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, वास्तुसंवर्धन करणाऱ्या मंडळाच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या सल्लागाराच्या टेबलावरही चालते. तिच्यासोबत चिन्हांचे तयार संग्रह येतात. त्यातील एक चिन्ह निवडले की काम होते. नकाशा सुबक दिसतो, वेळ वाचतो आणि एकाच संस्थेचे दहा नकाशे एकसारखे दिसतात.

ही सोय स्वागतार्ह आहे. तथापि एकसारखेपणा आणि अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. बीदर आणि कलबुर्गी (२०१४ पूर्वीचे गुलबर्गा) या सीमावर्ती जिल्ह्यांत हा फरक विशेष जाणवतो. येथील बहमनी व बरीदशाही वास्तू, दर्गे, खानकाह, कबरस्ताने आणि भूमिगत जलवाहिन्या तयार चिन्हांच्या चौकटीत कितपत बसतात, चौकट कोठे तोकडी पडते आणि ती मोडून न टाकता कशी रुंद करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्वेक्षण खात्याची परंपरा

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे जे स्थलदर्शक नकाशे काढले, त्यांच्या इतिहासात बीदरला मानाचे स्थान आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये दक्षिणेत सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक आधाररेषा १८१५ मध्ये बीदर परिसरात मोजली गेली. १८४१ मध्ये अधिक सुधारित साधनांनी येथे पुन्हा मोजणी झाली. म्हणजे बीदरचे पृथ्वीवरील स्थान किती अचूक असावे याची काळजी जवळजवळ दोनशे वर्षांपासून घेतली जात आहे. त्या स्थानावर काय आहे हे सांगण्याचे काम मात्र चिन्हाचे असते आणि त्याची काळजी तितकीच घेतली गेली का, हा प्रश्न उरतोच.

जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे बीदर शहर ५६ जी/९ या पत्रकात आणि कलबुर्गी शहर ५६ सी/१५ या पत्रकात येते. अशा १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकाच्या समासात जी सूची छापलेली असते, तिच्यात धार्मिक व स्मारकस्वरूप वास्तूंसाठी एक ओळ असते : देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, घुमटाची कबर आणि साध्या कबरी. याशिवाय पुरातन अवशेषांसाठी वेगळी खूण आहे आणि किल्ल्यासाठी वेगळी. विहिरींतही बांधीव व कच्ची असा भेद आहे. रंगांचेही नियम आहेत. निळा पाण्यासाठी, हिरवा झाडीसाठी, पिवळा लागवडीखालील जमिनीसाठी, तपकिरी समोच्चरेषांसाठी.

या सूचीचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात येत नाही. तिच्यात मुस्लिम समाजाशी संबंधित स्थळांसाठी एकच खूण नसून चार खुणा आहेत. मशीद म्हणजे रोजच्या नमाजाची जागा. ईदगाह म्हणजे वर्षातून दोनदा गाव जमते ते मोकळे मैदान व त्याची पश्चिमेकडील भिंत. घुमट म्हणजे एखाद्या व्यक्तीची समाधी. कबरी म्हणजे दफनभूमी. वसाहतकालीन मोजणीदाराचा हेतू लष्करी व महसुली होता, समाजाविषयी आपुलकीचा नव्हता. तरीही दुरून दिसणारी वस्तू नेमकी कोणती हे ओळखता यावे, एवढ्या व्यावहारिक गरजेपोटी त्याने वस्तूंमधील फरक जपला. त्याने खूण ठरवताना प्रथम वस्तू पाहिली, धर्म नंतर.

तयार शैली म्हणजे काय

संगणकीय नकाशात ‘शैली’ म्हणजे एखादी वस्तू कोणत्या आकाराने, रंगाने, जाडीने आणि कोणत्या प्रमाणावर दाखवायची याविषयीचा लिखित नियम. क्यूजीआयएसमध्ये असे नियम शैली-व्यवस्थापकात साठवता येतात, एका फाईलमध्ये बाहेर काढता येतात आणि दुसऱ्या संगणकावर घेता येतात. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ मध्ये ‘एसएलडी’ आणि २००६ मध्ये ‘सिंबॉलॉजी एन्कोडिंग’ ही मानके प्रसिद्ध केली. एका प्रणालीत ठरविलेली शैली दुसऱ्या प्रणालीतही वाचता यावी, हा त्यांचा हेतू होता.

अशा पूर्वनिश्चित शैलीचे फायदे वादातीत आहेत. नवा थर उघडला की क्यूजीआयएस त्याला स्वतःहून कोणता तरी रंग देते. तसाच सोडून दिला तर एका विद्यार्थ्याच्या नकाशात तलाव जांभळा आणि दुसऱ्याच्या नकाशात तपकिरी होतो. शैली ठरलेली असली की हा गोंधळ टळतो. सूची आपोआप जुळते. पुढील वर्षीचा गट मागील वर्षीच्या गटाचे काम तेथूनच पुढे नेऊ शकतो. दहा गावांचे दहा नकाशे शेजारी मांडून तुलना करता येते. शैक्षणिक संस्थेच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण तेथे काम करणारे हात दरवर्षी बदलतात आणि नोंद मात्र टिकावी लागते.

म्हणून ‘प्रत्येकाने आपापली चिन्हे बनवावीत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हौशी नकाशांत कोणी दर्ग्यासाठी हिरवा झेंडा काढतो, कोणी घुमटाचे छायाचित्रच चिकटवतो. असा नकाशा काढणाऱ्याला समजतो, इतरांना नाही. शिवाय हिरवा रंग झाडीसाठी राखलेला असताना तो धर्मस्थळांसाठी वापरला, तर शहराच्या मध्यभागी वनराई असल्याचा भास होतो. शैली पूर्वनिश्चित असावी हे मान्यच आहे. ती कोणत्या निकषावर निश्चित झाली, हा खरा मुद्दा आहे.

चार खुणांची एक खूण

क्यूजीआयएससोबत येणाऱ्या चित्रचिन्हांचे विषयवार गट केलेले आहेत. निवास, खाद्यपदार्थ, आरोग्य, वाहतूक, खेळ अशा गटांप्रमाणे त्यात ‘धर्म’ असाही एक गट आहे. त्या गटात प्रत्येक प्रमुख धर्माच्या प्रार्थनास्थळाचे चिन्ह सापडते. इस्लामसाठी चंद्रकोरीचे चिन्ह आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातील नकाशातही प्रार्थनास्थळ ही एक वर्गवारी असून तिच्या आत धर्म नोंदवला जातो आणि त्यानुसार चंद्रकोर व तारा, क्रॉस किंवा अन्य चिन्ह उमटते.

जगभरच्या पर्यटकाला जवळचे प्रार्थनास्थळ दाखवणे एवढाच हेतू असेल तर ही व्यवस्था पुरेशी आहे. पण कलबुर्गी शहराचा वारसा-नकाशा तयार करणाऱ्याने हाच संग्रह उघडला तर काय घडते ते पाहावे.

ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (१३२१-१४२२) यांचा दर्गा, किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद, बहमनी सुलतानांच्या कबरी असलेला हफ्त गुंबज, शहराची ईदगाह आणि वस्तीलगतची कबरस्ताने ही पाच प्रकारची स्थळे आहेत. दर्गा हे जियारतीचे आणि उरुसाचे ठिकाण आहे, त्याच्याभोवती खानकाह, ग्रंथसंग्रह व शिक्षणसंस्था यांची परंपरा आहे. जामा मशीद ही अंगण नसलेली, पूर्णपणे छताखालची अशी दख्खनमधील असाधारण वास्तू आहे. हफ्त गुंबज ही राजघराण्याची दफनवास्तू असून तेथे नमाज होत नाही. ईदगाहवर छत नसते. कबरस्तान ही वास्तू नसून जमिनीचा तुकडा आहे. ‘धर्म’ गटातील चंद्रकोर या पाचही ठिकाणी ठेवली जाते, कारण त्या गटात निवडण्यासारखे दुसरे काही नसते. तयार झालेला नकाशा शिस्तीचा दिसतो, परंतु तो वाचणाऱ्याला शहरात ‘मुस्लिम स्थळे’ एवढेच कळते. कोणते स्थळ काय आहे हे कळत नाही.

येथे एक विचित्र वस्तुस्थिती समोर येते. शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पत्रकावर जो भेद होता, तो आजच्या संगणकीय नकाशावर पुसला गेला. साधने प्रगत झाली आणि वर्गीकरण मागे गेले. याचे कारण तंत्रज्ञान नव्हे. प्रणाली तर हजार चिन्हे सामावून घेऊ शकते. कारण असे की चिन्हांचा संग्रह वस्तूनुसार न लावता धर्मानुसार लावला गेला आणि वापरणाऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारला.

एकसारखेपणाच्या व्याख्येत दोन अटी अंतर्भूत असतात. समान वस्तूला समान चिन्ह ही पहिली आणि भिन्न वस्तूला भिन्न चिन्ह ही दुसरी. तयार शैलीच्या प्रशंसेत पहिलीचाच उल्लेख होतो. दुसरी अट मोडली तरी नकाशा नीटनेटकाच दिसतो, त्यामुळे दोष लपून राहतो.

कबरस्तानाचा प्रश्न

या लपलेल्या दोषाचा सर्वाधिक फटका कबरस्तानाला बसतो. घुमट किंवा मशीद नकाशावर चुकीच्या चिन्हाने दाखवली तरी जमिनीवर ती उभी असते. कबरस्तानाचे तसे नाही. कच्च्या कबरी काही वर्षांत जमिनीशी एकरूप होतात. सीमाभागातील अनेक गावांत कबरस्तानाला कुंपण नसते आणि उन्हाळ्यात ते पडीक रानासारखे दिसते. अशा जागेला नकाशात बिंदूचे चिन्ह दिले तर तिचे अस्तित्व कळते, विस्तार कळत नाही. चंद्रकोरीचा एक ठिपका अर्धा एकरही असू शकतो आणि पाच एकरही. ओपनस्ट्रीटमॅपच्या प्रमाण शैलीत दफनभूमी क्षेत्र म्हणून दाखवण्याची आणि त्यावर धर्मानुसार नक्षी देण्याची सोय आहे. ही गोष्ट घेण्याजोगी आहे. पण ज्या नकाशाकाराने बिंदूच नोंदवला, त्याला ती सोय मिळत नाही.

याचे कायदेशीर परिणाम संभवतात. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ८३ नुसार शासनाच्या अधिकाराने काढलेले नकाशे अचूक आहेत असे न्यायालय गृहीत धरत असे. एखाद्या दाव्यासाठी मुद्दाम काढलेला नकाशा मात्र सिद्ध करावा लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशीच तरतूद आहे. कर्नाटकात ‘दिशांक’ या ॲपवर सर्व्हे क्रमांकाची हद्द मोबाईलवर पाहता येते. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘उमीद’ पोर्टलवर भौगोलिक स्थानही अपेक्षित आहे. अशा वेळी एखाद्या संस्थेने उत्साहाने जमवलेली माहिती ठिपक्यांच्या रूपात असेल, तर ती जागा ‘आहे’ एवढेच सांगेल, ‘कोठपर्यंत आहे’ हे सांगणार नाही. तंटा जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रश्नावर होतो.

करेज : जे चिन्ह सूचीतच नाही

येथवर जुनी सूची नव्या संग्रहापेक्षा सरस ठरली. पण जुनी सूचीही परिपूर्ण नव्हती याचा पुरावा बीदरच्या जमिनीखाली आहे.

बीदरचे पठार जांभ्या खडकाचे आहे आणि त्याखाली काळा बेसॉल्ट आहे. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपते आणि खालच्या कठीण थरावर साचते. बहमनी काळात इराणी तंत्राच्या आधारे या पाण्यापर्यंत पोहोचणारे भुयार खोदण्यात आले. उगमाची मूळ विहीर, तेथून अगदी सौम्य उताराने जाणारा भूमिगत बोगदा, त्यावर ठरावीक अंतराने जमिनीपर्यंत आलेली उभी हवाछिद्रे आणि शेवटी पाणी उघड्यावर येण्याचे मुख, अशी ही रचना असते. तिला करेज म्हणतात. मराठी वाचकाला औरंगाबादची (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरची नहर परिचित आहे. विजापूरची सुरंग बावडी हीदेखील दख्खनच्या भूमिगत जलव्यवस्थेचाच भाग आहे. बीदरच्या नौबाद येथील करेज दोन किलोमीटरहून अधिक लांबीचे आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भूगोल-संशोधक व्ही. गोविंदनकुट्टी आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याचे नकाशांकन केले, तेव्हा त्याचा खरा विस्तार लोकांसमोर आला. ‘दख्खन पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्था’ या नावाने वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २०२० च्या यादीत या वारशाची दखल घेतली गेली.

प्रश्न असा की इतकी मोठी रचना नकाशावर आधी का दिसली नाही? तिचा अज्ञातवास नुसता विस्मृतीमुळे झाला नाही. स्थलदर्शक पत्रकाच्या समासातील सर्वसाधारण सूचीत करेजसाठी खूणच नाही. जमिनीवरून पाहणाऱ्याला करेज दिसत नाही, दिसतात ती हवाछिद्रे. हवाछिद्राचे तोंड विहिरीसारखे असते. मोजणीदाराने किंवा आजच्या विद्यार्थ्याने त्याला विहिरीचे चिन्ह दिले तर तो नियमभंग ठरत नाही, कारण उपलब्ध चिन्हांत तेच सर्वांत जवळचे आहे. परिणामी एका रेषेतील हवाछिद्रांची मालिका ही सुट्या विहिरींची रांग बनते.

ही चूक केवळ नावाची नाही. सुटी विहीर आटली तर ती बुजवण्यात कोणाला वावगे वाटत नाही. तिच्यावर घर बांधले तर फार तर एक विहीर जाते. करेजचे एक हवाछिद्र बुजवले, त्यात बांधकामाचा राडारोडा टाकला, तर पुढच्या सगळ्या वाहिनीचे पाणी आणि हवा अडू शकते. ज्या नकाशात ठिपके आहेत पण त्यांना जोडणारी रेषा नाही, तो नकाशा नगररचनाकाराला धोक्याची सूचना देऊ शकत नाही.

इतरत्र काय केले जाते हे पाहणे उद्बोधक आहे. सोव्हिएत रशियाच्या स्थलदर्शक नकाशांत मध्य आशियातील करेजसाठी स्वतंत्र खूण होती आणि तिच्यात चालू व बंद असा भेदही होता. ज्या प्रदेशात करेज होते तेथील नकाशाकारांनी खूण तयार केली. इराणमधील अकरा कनात २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. दख्खनमध्ये करेज मोजके असल्यामुळे अखिल भारतीय सूचीत त्यांना जागा मिळाली नाही, हे समजण्यासारखे आहे. देशभराच्या सूचीने देशभर आढळणाऱ्या गोष्टींचाच विचार करावा. पण त्यामुळेच प्रादेशिक पुरवणी सूचीची गरज सिद्ध होते.

अष्टूर : एका ठिकाणाचे दोन अर्थ

बीदरजवळच्या अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांपैकी अहमदशहा वली बहमनी यांच्या (मृत्यू १४३६) कबरीची वास्तू आतील रंगकामासाठी व सुलेखनासाठी प्रसिद्ध आहे. ही राजाची कबर आहे, तसाच तो वलीचा दर्गाही आहे. लिंगायत श्रद्धेत याच सुलतानाला अल्लमप्रभूंचे रूप मानले जाते. येथील उरुसात कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळ गावचे जंगम आपल्या अनुयायांसह पायी येतात आणि विधीत प्रमुख सहभाग घेतात. ही परंपरा दीर्घकाळ चालत आलेली आहे.

या ठिकाणी कोणते चिन्ह द्यावे? चंद्रकोर दिली तर पायी येणारे जंगम आणि त्यांचे भाविक नकाशातून वजा होतात. देवळाचे चिन्ह देणे उघडच खोटे ठरेल. दोन्ही चिन्हे शेजारी ठेवली तर तेथे दोन वास्तू असल्याचा समज होतो, आणि ज्या काळात एकेका स्थळावर हक्क सांगितला जातो त्या काळात असा समज निरुपद्रवी राहत नाही. पुरातन अवशेषाचे चिन्ह दिले तर जिवंत उरूस इतिहासजमा होतो.

जुन्या सूचीचा वस्तुनिष्ठ दृष्टिकोन येथे उपयोगी पडतो. ही वास्तू घुमटाची कबर आहे, हे कोणीही नाकारत नाही. चिन्हाने तेवढेच सांगावे. बाकीचे सांगण्यासाठी संगणकीय नकाशाजवळ छापील नकाशात नसलेले साधन आहे : प्रत्येक वस्तूला जोडलेला गुणधर्मांचा तक्ता. त्यात उरुसाची तिथी, सहभागी परंपरा, स्थानिक नावे आणि संरक्षणाची स्थिती स्वतंत्र रकान्यांत नोंदवता येते. श्रद्धा हा रकाना असावा, आकार नव्हे. ज्या स्थळांच्या स्वरूपाविषयी वाद आहे तेथे तर हे पथ्य विशेष पाळावे लागेल. नकाशाकाराने चिन्हाच्या निवडीतून निवाडा देऊ नये.

महमूद गवानचा मदरसा

शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने बीदरमधील सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे बहमनी वजीर महमूद गवान यांनी १४७२ मध्ये बांधलेला मदरसा. तीन मजली इमारत, विद्यार्थ्यांच्या खोल्या, व्याख्यानगृहे, ग्रंथालय आणि दर्शनी भागावर रंगीत फरशांचे काम अशी तिची ख्याती होती. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला. आज ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

सर्वेक्षण खात्याच्या सूचीप्रमाणे तिला पुरातन अवशेषाचे चिन्ह लागते. तयार संग्रहात ‘पर्यटन’ गटातील स्मारकाचे चिन्ह मिळते, किंवा मिनार पाहून कोणी ‘धर्म’ गटातील चंद्रकोर देतो. शाळा किंवा महाविद्यालय या चिन्हाकडे कोणी वळत नाही, कारण तेथे आज शिक्षण चालत नाही. दख्खनमधील उच्चशिक्षणाच्या इतिहासाचा नकाशा काढायचा झाल्यास ही इमारत शिक्षणसंस्था म्हणूनच दाखवावी लागेल. पर्यटन-नकाशात ती स्मारक असेल. एकच वस्तू विषयानुसार वेगळ्या चिन्हाने येणे हा विसंगतीचा प्रकार नाही, मात्र विषय आणि नियम दोन्ही नकाशावर लिहिलेले असले पाहिजेत. एका वस्तूची एकच नोंद ठेवून तिच्यावर दोन नावनिशीवार शैली लावता येतात, ही संगणकीय पद्धतीची खरी ताकद आहे.

सीमेवरील जोड

बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत त्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी भागात गेले आणि उरलेल्या जिल्ह्याचा बराचसा भाग आजच्या कर्नाटकात आला. भालकी, बसवकल्याण, औराद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागात मराठी आजही बोलली जाते. निजामकाळातील महसुली कागद उर्दूत, पुढचे कागद कन्नडात, घरातली बोली मराठी किंवा दखनी अशी स्थिती आहे.

मांजरा नदी लातूर जिल्ह्यातून बीदरमध्ये येते. तिच्या खोऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या दोन दूरसंवेदन केंद्रांची माहिती एकत्र जोडावी लागते. दोन राज्यांच्या माहितीत वर्गांची नावे व रंग जुळत नसतील, तर हद्दीवर जमिनीचा वापर अचानक बदलल्यासारखा भासतो, प्रत्यक्षात शेत तेच असते. येथे सामाईक शैली अनिवार्य आहे. परंतु नुसते रंग जुळवून भागत नाही. आधी वर्ग जुळवावे लागतात. एका बाजूच्या ‘पडीक’ वर्गात गायरान आणि कबरस्तान दोन्ही असतील आणि दुसऱ्या बाजूला ते वेगळे असतील, तर एकच रंग देणे ही फसवणूक होईल.

नावांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. कबरस्तान, कब्रस्तान, खब्रस्तान अशा लेखनभेदांमुळे वर्गवारीवर आधारलेली शैली काही वस्तू गाळते, कारण संगणक अक्षरे जुळवतो, अर्थ नव्हे. त्यामुळे वर्गासाठी एक सांकेतिक क्रमांक आणि नावासाठी मराठी, कन्नड, उर्दू असे स्वतंत्र रकाने ठेवणे सोयीचे ठरते.

काय करता येईल

वरील चिकित्सेतून काही व्यावहारिक सूचना निघतात.

(१) सर्वेक्षण विभागाची सूची आधारभूत मानावी. तिच्यात आहे ते चिन्ह बदलू नये. मशीद, ईदगाह, घुमट आणि कबरी यांतील भेद संगणकीय शैलीत जसाच्या तसा आणावा.

(२) जे तिच्यात नाही त्यासाठी दख्खनची छोटी पुरवणी सूची करावी. करेजसाठी निळी तुटक रेषा आणि तिच्यावर हवाछिद्रांची पोकळ वर्तुळे, बुजलेल्या छिद्रासाठी त्याच वर्तुळावर फुली, असे साधे चिन्ह पुरेल. दर्गा, खानकाह, आशूरखाना आणि मदरसा यांसाठी काळ्या रंगातील सोप्या आकृती असाव्यात. झेरॉक्स प्रतीतही त्या ओळखू आल्या पाहिजेत.

(३) दफनभूमी नेहमी क्षेत्र म्हणून नोंदवावी. लहान प्रमाणावर तिचे बिंदुचिन्ह दाखवावे लागले तरी मूळ नोंद क्षेत्राचीच असावी.

(४) शैलीची फाईल माहितीसोबतच द्यावी. चित्रचिन्हाची फाईल दुसऱ्या संगणकावर सापडली नाही तर क्यूजीआयएस त्या जागी प्रश्नचिन्ह दाखवते. हे टाळण्यासाठी चित्र शैलीतच अंतर्भूत करावे. फाईलच्या नावात वर्ष घालावे आणि कोणता बदल का केला याची नोंद ठेवावी.

(५) विद्यार्थ्यांना चिन्ह निवडण्याआधी वस्तू ओळखायला शिकवावे. संगणकासमोर बसण्यापूर्वी कबरस्तानाच्या कडेने एकदा चालणे आणि करेजच्या दोन हवाछिद्रांमधील अंतर मोजणे, हा अभ्यासक्रमाचा भाग असावा.

समारोप

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा दिली. जे काम एका खात्याचे होते ते आता शेकडो संस्था करू शकतात. मुभेबरोबर जबाबदारी आली आहे. चुकीचे चिन्ह पूर्वी एका पत्रकावर राहत असे, आता तयार शैलीबरोबर ते शंभर नकाशांवर एकाच वेळी पसरते आणि सर्वत्र सारखेच दिसल्यामुळे खरे वाटू लागते.

पूर्वनिश्चित चिन्हांना विरोध करणे हे यावरचे उत्तर नाही. ती आवश्यक आहेत. मात्र ती निश्चित करताना बीदर-कलबुर्गीतील माणसांना ठाऊक असलेले भेद, म्हणजे मशीद आणि दर्गा, घुमट आणि कबरस्तान, विहीर आणि करेज यांतील भेद, आधी टिपले गेले पाहिजेत. गावातील वृद्धाला जो फरक विचार न करता सांगता येतो, तो नकाशाला सांगता येत नसेल, तर उणीव त्या नकाशात आहे. सीमाभागातील महाविद्यालये आणि शिक्षणसंस्था यांना हे काम मोठ्या खर्चाशिवाय करता येण्याजोगे आहे. करेजची हवाछिद्रे आणि कुंपणाविना पडलेली कबरस्ताने अद्याप ओळखता येतात, तोवर ते झाले पाहिजे.